चार फुटी टाकीचा संच: सार्डिन सिक्लिडच्या थव्यासाठी किती कामाचा?

संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, मत्स्यालयाच्या दुकानात 'चार फुटी सेट' मागितला की साधारण एकच सामान पुढे येतं. काचेची टाकी, लोखंडी स्टँड, वर फायबरचं झाकण आणि त्यात एलईडी पट्टी, पाण्यात बुडवायचा पावर फिल्टर, एक हीटर आणि रंगीत खड्यांच्या दोन-चार पिशव्या. गोल्डफिश नाहीतर शार्क नेणारं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून हा संच जुळवलेला असतो. इथे त्याची पारख एका वेगळ्या माशासाठी केली आहे. तो मासा म्हणजे आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला सायप्रिक्रोमिस लेप्टोसोमा, हौशी लोकांच्या भाषेत सार्डिन सिक्लिड.

निकाल आधीच सांगून टाकतो: काच आणि स्टँड घ्या, हीटर बदलून मागा, फिल्टर जोडीला दुसरा मिळणार असेल तरच घ्या. झाकण (त्यातली एलईडी पट्टी काढून घेऊन) आणि रंगीत खडे दुकानातच राहू द्या.

सिक्लिड म्हटलं की आपल्याकडे ऑस्कर नाहीतर फ्लॉवरहॉर्न आठवतो, म्हणजे टाकीत दुसऱ्या कुणाला टिकू न देणारा मासा. सार्डिन सिक्लिड त्या पठडीतला नाही. लांबी दहा-अकरा सेंटिमीटर, अंग सडपातळ, आणि सगळा वावर मोकळ्या पाण्यात थव्याने. सरोवराच्या खडकाळ काठालगत तरंगते सूक्ष्म जीव टिपणं हेच त्याचं जगणं. घास घेताना त्याचं तोंड क्षणभर नळीसारखं पुढे येतं आणि लगेच मिटतं. काचेजवळ बसून पाहिलं तर हे स्पष्ट दिसतं. याच तोंडामुळे त्याला मोठा दाणा चालत नाही. नर निळसर-जांभळे, मादी फिकट राखाडी. एकाच विणीतल्या काही नरांची शेपटी पिवळी निघते, काहींची निळी. म्हणून वेगळ्या शेपटीचा नर दिसला की दुकानदाराने दुसरी जात मिसळली असं लगेच धरून चालू नका.

आता पाणी, कारण मराठवाड्यात हा मासा निवडण्याचं खरं कारण तेच आहे. आपल्याखाली बहुतेक सगळा बसाल्ट, काळा पाषाण. त्यातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कलीयुक्त असतं. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर चढणारा पांढरा थर त्याचाच. निऑन टेट्रा किंवा डिस्कस पाळणाऱ्याला हे पाणी नको असतं, त्याला आरओचा खर्च पडतो. टांगानिकाचं पाणीही असंच जड आहे. तिथला पीएच साधारण ८.६ ते ९.२, कार्बोनेट जडता १६ अंशांच्या पुढे आणि तापमान २४ ते २७ अंश. टाकीत पीएच ८ ते ८.८ आणि केएच (म्हणजे हीच कार्बोनेट जडता) १० च्या वर राहिला तरी हा मासा रंगात राहतो, विणही देतो. म्हणजे ज्या पाण्याला घरात सगळे नावं ठेवतात, ते इथे फुकटात उपयोगी पडतं.

पण मोजल्याशिवाय भरू नका. पेनासारखं टीडीएस मीटर सगळ्यांकडे असतं, त्यावर भागत नाही. ते पाण्यात विरघळलेला सगळा क्षार मोजतं. त्यात कॅल्शियम किती आणि नुसतं सोडियम किती, हे त्याला कळत नाही. या कामाला थेंबांचा जीएच-केएच किट लागतो; जीएच म्हणजे एकूण जडता. एपीआयचा किट सोपा आहे आणि पैसे वसूल करतो. ५ मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकत हलवायचं. केएचच्या नळीत निळा रंग पिवळा झाला आणि जीएचच्या नळीत नारिंगी रंग हिरवा झाला की थांबायचं. जितके थेंब तितके अंश. एक अंश म्हणजे लिटरला १७.९ मिलिग्रॅम. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा खासगी प्रयोगशाळेच्या अहवालात 'एकूण कठीणता ३००' लिहिलं असेल, तर १७.९ ने भागा, साधारण १७ अंश. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट आणि ६०० ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे ११ ते साडेतेहतीस अंश. या पट्ट्यातल्या खालच्या अर्ध्यात बसणारं बोअर या माशाला उत्तम. ३० अंशांच्या पुढचं असेल तर आरओचं पाणी निम्म्याने मिसळा.

त्याच अहवालात नायट्रेटची ओळही वाचा. शेतीच्या पट्ट्यातल्या बोअरला खतांमुळे नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या पुढे गेलेलं असू शकतं. अशा पाण्याने कितीही वेळा पाणी बदललं तरी टाकीतलं नायट्रेट खाली येत नाही, बदलणारा उगाच दमतो. तिथे आरओचं पाणी मिसळणं भागच आहे. जोडीला मनीप्लांटची मुळं टाकीच्या मागच्या काठावरून पाण्यात सोडा, थोडी मदत होते.

आणखी दोन गोष्टींत लोक फसतात. बोअरचं पाणी तोटीतून आल्या आल्या मोजलं तर पीएच ७.२ किंवा ७.४ दाखवतं, आणि 'आपलं पाणी चालत नाही' असं वाटतं. जमिनीखालून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. ड्रममध्ये एअर स्टोन सोडून २४ तास बुडबुडे द्या आणि पुन्हा मोजा, तेच पाणी ८ च्या वर गेलेलं दिसेल. दुसरी गोष्ट अपार्टमेंटमधल्या सॉफ्टनरची. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम भरतो. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या.

नळाच्या पाण्यावर टाकी चालवणार असाल तर हिशेब थोडा वेगळा. संभाजीनगरला पाणी जायकवाडीचं, नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरला मांजरा धरणाचं. धरणाचं पाणी बोअरपेक्षा हलकं, आणि पावसाळ्यात आणखी हलकं होतं. केएच कमी भरला तर खायचा सोडा वापरा. १०० लिटरला ६ ग्रॅम टाकले की केएच साधारण २ अंशांनी चढतो. जीएचसाठी एप्सम सॉल्ट, १०० लिटरला साडेचार ग्रॅमला एक अंश. हे ड्रममध्ये विरघळवून मगच टाकीत घालायचं, आणि एका दिवसात २ अंशांच्या पुढे जायचं नाही. फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी ठेवली तर पीएच हळूहळू सांभाळला जातो. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात हा चुरा शेल ग्रिट म्हणून स्वस्तात मिळतो. धुऊन घ्या आणि औषध मिसळलेला नाही ना, हे विचारा. पाणी आलं त्याच दिवशी वापरायचं असेल तर क्लोरीन मारायला हायपो लागेल, १०० लिटरला १ ग्रॅम. हौदात दोन-तीन दिवस उघड्यावर राहिलेल्या पाण्यात क्लोरीन फारसं उरत नाही.

आता संचाकडे येतो. काचेबद्दल दुकानदाराला सरळ विचारा, "भाऊ, काच किती एमएमची, अन् रुंदी किती?" तयार संचातली टाकी बहुधा १५ इंच रुंदीची असते. थवा वळताना या माशाला आडवी जागा लागते, म्हणून तीन इंच जास्त मागा: चार फूट बाय दीड बाय दीड. त्यात सुमारे २४० लिटर पाणी बसतं. या उंचीला ८ मिमी काच पुरते, पण वरच्या कडेला लांबीभर पट्ट्या आणि मधे एक आडवी पट्टी हवीच, नाहीतर पुढची काच मधोमध फुगते. उंची दोन फूट घेतली तर १० मिमीच्या खाली जाऊ नका. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास यायला हवा. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन माशांना घातक आहे. चिकटवल्यावर निदान आठवडाभर वाळू द्या आणि दुकानातच ४८ तास काठोकाठ भरून ठेवायला सांगा. इथल्या कारागिरांचं काचकाम माझ्या मते संचातली सगळ्यात भरवशाची गोष्ट आहे, आणि टाकी गळली तर तोच माणूस घरी येऊन नीट करून देतो. बाहेरून मागवलेल्या टाकीला ती सोय नसते.

स्टँडचं वजन गंभीरपणे घ्या. पाणी २४० किलो, काच ४० किलो, वर वाळू-दगड ५०-६० किलो. स्टँड लेव्हल पट्टीने तपासा आणि टाकीखाली अर्धा-एक इंच थर्माकोल घाला.

झाकणावर मात्र तडजोड नको. हा मासा उडी मारतो. घाबरला, नरांची चकमक झाली किंवा एकदम दिवा लागला की वर झेपावतो. फायबरच्या झाकणाला मागच्या बाजूला पाइप आणि वायरीसाठी तीन-तीन बोटांची भोकं असतात, आणि सकाळी वाळलेला मासा टाकीमागे सापडतो तो तिथूनच गेलेला. त्यातच बंद झाकणाखाली उन्हाळ्यात वाफ कोंडते. यावर चांगला उपाय खिडक्या बनवणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडे आहे. स्लायडिंग खिडकीला लावतात ती मच्छरजाळी पातळ चौकटीत बसवून घ्या, दोन तुकड्यांत, मधल्या काचपट्टीवर टेकतील अशा. पाइपसाठी कोपरा कापला तर फट एक सेंटिमीटरच्या आत ठेवा. जाळीतून प्रकाश जातो, वारा जातो, मासा जात नाही.

वारा जाणं का महत्त्वाचं, ते मे महिन्यात कळतं. बाहेर ४२-४३ अंश असताना बंद खोलीतली टाकी ३२-३३ वर जाते. २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशाला ७.३ मिलिग्रॅमच. तेवढ्यातच माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले. मोकळ्या पाण्यातला हा मासा हे पहिल्यांदा दाखवतो: थवा वरच्या थरात येऊन फिल्टरच्या धारेपाशी गोळा होतो, कल्ले भरभर हलतात. जाळीवर तिरका छोटा पंखा किंवा १२ व्होल्टचे दोन संगणकी पंखे लावले तर आपल्या कोरड्या हवेत पाणी ३-४ अंशांनी उतरतं. पावसाळ्यात दमट हवेत हाच पंखा अर्धंही काम करत नाही, पण तेव्हा गरजही कमी असते. पंख्यामुळे रोज दोन-चार लिटर पाणी उडतं. ही घट बोअरच्या पाण्याने भरू नका. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागे राहतो; त्यावर रोज नवा क्षार ओतला तर महिन्याभरात जडता कुठच्या कुठे जाते. घट आरओच्या पाण्याने भरायची, आठवड्याची बदली बोअरच्या.

कूलर असलेल्या खोलीत टाकी ठेवली तर फार बरं. मात्र त्या खोलीत डासांचा स्प्रे मारू नका, उदबत्ती किंवा लिक्विडचं मशीनही लावू नका. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, आणि डासांच्या औषधातले पायरेथ्रॉइड माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. एअर पंप शेजारच्या खोलीत ठेवून नळी आणली तरी चालते.

फिल्टरच्या डब्यावर 'ताशी २००० लिटर' लिहिलेलं असतं. स्पंज थोडा तुंबला, पाणी थोडं उंच चढवावं लागलं की तो आकडा खूप उतरतो. २४० लिटरच्या टाकीला ताशी खरोखर १२०० ते १५०० लिटर फिरायला हवं. संचातला पावर फिल्टर धार छान देतो आणि थवा त्या धारेत पोहत राहतो, ही त्याची जमेची बाजू. पण त्याच्या पेटीत अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना वाढायला जागा हाताच्या मुठीएवढी. जोडीला एअर पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर लावा, किंवा टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर घ्या. जड पाण्याचा एकच तोटा आहे आणि तो इथे नडतो: पीएच वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो. २७ अंशाला पीएच ७.५ असताना एकूण अमोनियापैकी २ टक्के विषारी रूपात असतो, ८.५ ला १७ टक्के. म्हणून 'आज टाकी, उद्या मासे' हे दुकानाचं गणित इथे जीवघेणं ठरतं. पाणी भरलेली टाकी माशांशिवाय चार ते सहा आठवडे चालवा, रोज थोडं खाद्य टाकून. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवायला लागले की मासे आणा. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

लाइट गेली की काय, हा प्रश्न इथे वर्षभराचा. एक स्पंज फिल्टर बॅटरीवर आपोआप सुरू होणाऱ्या एअर पंपाला जोडून ठेवा. इन्व्हर्टरवर पावर फिल्टर चालतो, पण साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर घुमते आणि तापते. साइन वेव्ह असेल तर चिंता नाही. कॅनिस्टर चार-पाच तास बंद राहिला तर आतलं पाणी सडायला लागतं. लाइट आल्यावर ते तसंच टाकीत जाऊ देऊ नका. आधी बादलीत काढा, मीडिया (आतले गाळणीचे स्पंज-खडे) टाकीच्याच पाण्यात हिसळा, मग सुरू करा.

हीटरबाबत संचात एक ३०० वॅटचा देतात. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे रात्रीचा पारा दहाच्या खालीही उतरतो, त्यामुळे हीटर लागतोच. पण एकाऐवजी १५० वॅटचे दोन मागा. हीटरचा थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा बहुधा चालूच अडकतो. १५० वॅट एवढ्या पाण्याला उकडून काढत नाही, ३०० वॅट काढतो.

दिवा संचातला चालतो, फक्त त्याचा भगभगीतपणा कमी करा. मंद उजेडात आणि मागे काळा किंवा गडद निळा कागद असताना नरांच्या पंखांवरची निळी झळाळी उठून दिसते. आधी खोलीतला दिवा, दहा मिनिटांनी टाकीतला, विझवताना उलट क्रम. तळाला गोदेची बारीक वाळू, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलेली. दगड आपलेच काळे, चढत्या रचनेत मागच्या बाजूला. ते काचेवर टेकवा आणि मग वाळू ओता, म्हणजे खालून वाळू सरकून ढीग कोसळत नाही. पुढचा आणि वरचा दोन तृतीयांश भाग मोकळा सोडा.

मासे मराठवाड्यात दुकानात सहसा तयार मिळत नाहीत. मुंबई-पुण्याहून किंवा चेन्नईहून मागवावे लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच मागवा. तीन-चार सेंटिमीटरची बारा ते पंधरा पिल्लं एकत्र घ्या. चार-सहा घेतली तर थवा होत नाही, एक नर बाकीच्यांना कोपऱ्यात दाबतो आणि मासे झुरून मरतात. मोठी झाल्यावर एका नरामागे दोन-तीन माद्या राहतील असे जादाचे नर काढा. म्पुलुंगू, उटिंटा अशी ठिकाणांची नावं लावून वाण विकले जातात. एका टाकीत एकच वाण ठेवा, नाहीतर संकर होतो आणि ती पिल्लं पुढे कुणी घेत नाही.

पार्सल आल्यावर ठिबकने तासभर पाणी मिसळायची सवय इथे सोडा. रात्रभर प्रवास केलेल्या पिशवीत अमोनिया साचलेला असतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो म्हणून तो बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगवा, उघडा, आणि पिशवीतलं पाणी न घेता मासे लगेच सोडा. जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा वापरा, या माशाची खवलं आणि जबडा दोन्ही नाजूक.

खाद्य बारीक आणि थोडंथोडं, दिवसातून दोन-तीन वेळा. अर्धा ते एक मिलिमीटरचे बुडत-तरंगत जाणारे दाणे, स्पिरुलिना असलेलं फ्लेक, फ्रोझन सायक्लॉप्स किंवा आर्टेमिया. नाल्यातला जिवंत ट्युबिफेक्स नको, रोग घेऊन येतो. सोबतीला तळाशी शंखांत राहणारे मल्टिफॅसिएटस चांगले. ते खाली, हे वर, भांडणाचं कारणच उरत नाही. मलावी सरोवरातले एम्बुना सिक्लिड या टाकीत सोडू नका, पाणी जुळलं तरी स्वभाव जुळत नाही.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, म्हणजे ६० लिटर, चार बादल्या. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. टंचाईच्या महिन्यांत एवढं पाणी मोरीत सोडणं बरोबर नाही. सोडा टाकत असाल तर मात्र त्याच त्या कुंड्यांना रोज नको.

सगळं जमलं तर वर्षभरात मादी अंडी देते, तेही मधल्या पाण्यात. अंडं खाली पडायच्या आत ती वळून तोंडात झेलते. अंडी थोडी, बहुधा दहा-पंधराच्या आसपास. तीन आठवडे ती पिल्लं तोंडात सांभाळते. गळा फुगलेला दिसतो. या काळात तिला पकडायला गेलात तर पिल्लं थुंकून देते. पकडायचीच असेल तर अठराव्या-विसाव्या दिवशी, पहाटे अंधारात, डब्याने. वेगळ्या टाकीत पिल्लं सोडून झाली की दोन-तीन दिवस तिला एकटीला खाऊ घाला आणि मग थव्यात परत सोडा. मोठ्या टाकीतच सुटलेली पिल्लं वरच्या कोपऱ्यात, पृष्ठभागालगत जमतात. तिथे हायड्रिला किंवा तरंगत्या वनस्पतीचा झुबका ठेवला तर त्यातली काही आपोआप वाढतात.